तीन लाल धागे

प्रिय खारूताई,

फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस, मी 'जेवलीस का' विचारते आणि आपण दोघी सुटतो. चार महिने हेच चाललंय. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले तर पहिल्या मिनिटाला तुझ्यावर ओरडेन आणि दुसऱ्या मिनिटाला रडेन, म्हणून हे पत्र. मधेच ठेवून दिलंस तरी मला कळणार नाही, पण शेवटपर्यंत वाच.

परदेशातली जागा भरली असं तू सांगितलंस आणि आठच दिवसांत दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी धरलीस. मी विश्वास ठेवला. वर्षभर आपण तिघं त्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपच्या मागे हात धुऊन लागलो होतो. कृत्रिम डोळे बनवणारं एवढं मोठं वर्कशॉप. तिथे पगार नाही, उलट शिकवण्याची फी आपणच भरायची, राहणं-खाणंही आपलं. शिकायला येणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर पैसे दिसले पाहिजेत असं व्हिसाच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, म्हणून मी माझी सगळी ठेव मोडून तुझ्या नावावर केली. बाबांनी मोटारसायकल विकून त्यात भर घातली आणि चालणं तब्येतीला चांगलं असतं असं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले. एवढं करून जागा भरली म्हणजे काय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बाईंना समोर बसवून मी त्या वर्कशॉपला चांगलं खरमरीत पत्र लिहायला लावलं.

त्यांचं उत्तर आलं. सोबत तुझ्या पत्राची प्रत होती. ज्या नमुन्यावर तुम्ही मला निवडलंत, त्यातलं तुम्हाला आवडलेलं काम माझं नाही, आईचं आहे, म्हणून मी ही जागा घेऊ शकत नाही. एवढंच लिहिलं होतंस. ऑफिसातल्या बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि मग उगाचच पाणी आणायला उठून गेल्या.

तुला कळलं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आता सगळं कबूल करते. निवडीसाठी पाठवायचा तो डोळा तू अठरा दिवस खपून केलास. बुबुळाचा रंग त्यांनी पाठवलेल्या फोटोतल्या माणसाच्या डोळ्याशी असा जुळला होता की मी मनातून सुखावले होते. पण पांढरा भाग फार स्वच्छ. माणसाचा डोळा काही धुतलेल्या बशीसारखा नसतो. तू खोक्याची आणि कुरिअरची चौकशी करायला बाहेर पडलीस आणि मी डबी उघडली. नाकाकडच्या कोपऱ्यात तीन लाल रेशमी धागे, केसाहून बारीक, शिरांसारखे बसवले, वरून पारदर्शक थर चढवला, भाजला, घासला आणि तू यायच्या आत डोळा परत डबीत. आणि त्यांच्या मुख्य बाईंनी निवडीच्या पत्रात नेमकं त्या शिरांचंच कौतुक केलं! तू ते पत्र मोठ्यांदा वाचत होतीस आणि मधेच थांबलीस. मला वाटलं, आनंदाने अक्षरं दिसेनाशी झाली असतील. जन्मभर डोळे बनवून मी अशी ठार आंधळी. त्या दिवशी मी पेढ्यांचा बॉक्ससुद्धा मागवला होता.

पहिले तीन दिवस मी तुझ्यावरच चिडले. कोण बघायला आलं होतं, तीन धागे तर होते, सख्ख्या आईने लावले तर बिघडलं कुठे, असं भांडी घासताना भांड्यांनाच सुनावत होते. चौथ्या दिवशी मात्र लाज वाटली. शाळेतल्या तुझ्या चित्रांवर शेवटचा हात मीच फिरवायचे, तुझे अर्ज मीच पुन्हा लिहून काढायचे. तुला जमत नव्हतं म्हणून नव्हे. मलाच राहवत नसे. माझं चुकलं, खारूताई. तुझं अठरा दिवसांचं काम मी एका दुपारी तुझ्याकडून काढून घेतलं. आणि तिकडे जायची हौस तुझी होती की माझी, हेही कधी विचारलं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलताना तुझा आवाज जसा खुलतो, तसा तो इथे माझ्या हाताखाली शिकत होतीस त्या दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता.

आता पुढचं ऐक. त्या उत्तरात खाली आणखी एक परिच्छेद होता. जागा अजून रिकामी आहे, ते धागे ज्यांचे आहेत त्यांना यायचं असेल तर यावं, वयाची अट नाही. मला हसूच आलं. एकोणपन्नासाव्या वर्षी इंटर्न! बाबांना सांगितलं, तर ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मग बॅग कुठली नेणार?" मी त्यांना वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी एक बाई दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. जन्मापासून एक डोळा नाही. बाळाच्या डोळ्याची खोबणी वाढत असते, दर काही महिन्यांनी जरा मोठा डोळा बसवावा लागतो, नाहीतर चेहऱ्याची ती बाजू खुरटते. ते काम त्या वर्कशॉपमध्ये शिकवतात, आपल्याकडे कोणालाच येत नाही, हे तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी अशा आयांना मूल मोठं झालं की या म्हणून परत पाठवत आले. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून निघेना. म्हटलं, "आठ महिन्यांनी या, मी शिकून येते." बोलून गेले आणि मलाच घाम फुटला.

पण आता माघार नाही. बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. संध्याकाळी भाषेच्या क्लासला जाते. वर्गातली पोरं तुझ्याहून लहान आहेत, आणि गृहपाठ माझ्या वहीतून उतरवतात. बाबा भात लावायला शिकताहेत. परवा पातेलं करपवलं, काल नाही करपवलं.

अडलंय एकाच ठिकाणी. ठेव तुझ्या नावावर आहे. ती माझ्या नावावर करायचा बँकेचा अर्ज सोबत ठेवलाय, त्यावर तुझी सही लागेल. तुला ते पैसे तुझ्या कामासाठी हवे असतील तर खुशाल ठेवून घे. एकदा दिलेलं परत मागायचा मला हक्क नाही. मी पतपेढीतून कर्ज काढेन, पण जाईनच. फक्त व्हिसाच्या अर्जात एक रकाना आहे: तुमच्या नावावरचे पैसे देणारं कोण? बाकीचा अर्ज भरून झाला. तेवढा एक कोरा ठेवलाय. तिथे 'मुलगी' असं लिहायची मला फार इच्छा आहे.

तुझीच,
आई