गाडीला दम का लागायचा

प्रिय नामदेव,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुला दवाखान्यात नेताना गाडी वाटेत बंद पडली, त्यात तुझ्या मुलाचा, प्रवीणचा, काहीही दोष नव्हता. आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवले. तेव्हा निष्कर्ष आधी सांगून मग आधार मांडते आहे, हे तुला नवे नाही. "ताई, तुह्यं भाषण मंग ऐकतो, आधी चहा पेऊ दे," असे मात्र या वेळी म्हणता येणार नाही तुला!

आजच का लिहिते आहे? दरवर्षी दिवाळीत मला रिसोडहून धनजला माहेरी न्यायला तू यायचास. तुझ्यासारखा मुऱ्हाळी साऱ्या गल्लीत नव्हता. हॉर्न कोपऱ्यापासूनच सुरू व्हायचा. यंदा प्रवीण आला, तोही एसटीने. गाडी कुठे आहे, असे विचारले तर आपल्या चपलांकडे पाहत म्हणाला, "हाय ना आत्याबाई, टिनाखाली उभी हाय. मी नाई बसत तिच्यात आता."

घरी आले तर दारात आकाशकंदील नाही. फराळ शेजारच्यांनी आणून दिलेला. तुझी कुसुम म्हणाली, "इकून टाकतो ताई गाडी. पोरगं तिच्याकडं पाह्यलं का जेवत नाई." उद्या भाऊबीज आहे. परवा गिऱ्हाईक येणार आहे.

तुला ठाऊक नाही म्हणून सांगते. कारंज्याच्या डॉक्टरांनी तुला लगेच अमरावतीला न्यायला सांगितले. प्रवीणने तू शिकवलेस तेच केले, लांब जायचे म्हणून टाकी भरून घेतली. पुढे मोठ्या रस्त्यावर गाडीने झटके खाल्ले आणि ती बंद पडली. बॅटरी उतरेपर्यंत तो चावी फिरवत राहिला. शेवटी एका जीपवाल्याने तुम्हाला घेतले. त्या जीपमध्येच तू गेलास. तेराव्याला कोणीतरी ओसरीवर म्हणाले, "पोरानं घाबरून क्लच सोडला, गाडी बंद पाडली." ते वाक्य प्रवीणने ऐकले, आणि खरे मानले.

आता आधार. ही गाडी याआधीही बंद पडत होती की नाही? पडत होती! तूच चालवत असताना, मी शेजारी बसलेली असताना. मंगरुळपीर मागे पडले की ती अडखळायची, दाबूनही पळायची नाही, आणि विझायची. तू हसत उतरायचास. "दम लागला तिले. खाऊ दे दम. तू बी खा," असे म्हणून कडुलिंबाखाली भाजलेल्या शेंगांची पिशवी उघडायचास. थोड्या वेळाने गाडी काही न करता सुरू व्हायची. मी म्हणायची, यंत्राला दम लागत नाही, नामदेव. तू म्हणायचास, "मंग तूच सांग, काहून सुरू झाली?"

 मी आणखी एक शेंग सोलायची.

कारंज्याच्या मिस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला. तुला आठवते का त्याचे बोलणे? "काकाजी, इथं तं मक्खन चालून राह्यली. बंद पडन तवा आणा." तू म्हणालास, "अरे भल्या माणसा, बंद पडल्यावर आणू कशी? खांद्यावर?" तुम्ही दोघे इतके हसलात की मूळ प्रश्न तिथेच राहिला. तो बिचारा तरी काय करणार? जो दोष समोर येतच नाही, तो कोणालाही पकडता येत नाही.

म्हणून मी दोष कधी दिसतो याचाच विचार केला. जवळच्या कामरगावला बाजाराला जाऊन येताना गाडी कधी बंद पडली नाही. लांबच्या वाटेवर पडायची, पण ज्या वर्षी आपण अर्ध्या वाटेत पंपावर थांबलो त्या वर्षी पडली नाही. विश्रांतीने बरी व्हायची. यातल्या कोणत्याही गोष्टीचा चालवणाऱ्याच्या पायाशी संबंध नाही. पंपावर थांबल्यावर असे काय होते, जे कडुलिंबाखाली बसल्यावर हळूहळू होते? पंपावर टाकीचे झाकण उघडतात, नामदेव! टाकीतले पेट्रोल जसे संपते तशी आत हवा यावी लागते. ती आली नाही, तर पेट्रोल पुढे सरकत नाही आणि इंजिन उपाशी मरते. थांबून राहिले की फटीतून थोडी हवा झिरपते, आणि तुझ्या भाषेत दम जातो. टाकी काठोकाठ भरलेली असली की आत हवा आधीच कमी, मग हे लवकर घडते. त्या दिवशी टाकी भरलेली होती.

हे नुसते सांगून प्रवीणला पटले नसते. काल सकाळी उसनी बॅटरी लावून गाडी सुरू करवली आणि त्याला म्हटले, मंगरुळपीरच्या रस्त्याने चल. तो हलेना. शेवटी कुसुम चुलीपाशी होती तिथूनच ओरडली, "बस रे! आत्याबाई म्हन्ते तं बस. नाई तं मी बसतो, आन् मले येत नाई!"

तो बसला.  त्या दिवशी भरलेले पेट्रोल टाकीत अजून तसेच होते. कारंजा मागे पडले, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर गाडीने तोच झटका खाल्ला, मग दुसरा, आणि ती विझली. प्रवीणने स्टिअरिंगवरून हात काढून मांडीत घेतले. "पाह्यलं आत्याबाई? पुन्हा मीच बंद पाडली."

"चावी लावून पाहा." गाडी सुरू झाली नाही. "आता उतर, टाकीचे झाकण उघड."

झाकणाची चावी फिरली आणि टाकीने मोठा श्वास आत ओढला. तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. "आता लाव," मी म्हटले. पहिल्याच फेरीला इंजिन लागले. परत येताना झाकण सैल ठेवले आणि गाडी धनजपर्यंत एकदाही अडखळली नाही. दारात उतरून तुझा मुलगा बॉनेटवर डोके टेकून रडला. तू गेलास त्या दिवसापासून तो रडला नव्हता, असे कुसुम म्हणते.

इथे सिद्धता पूर्ण झाली. दोष झाकणाचा होता, प्रवीणचा नव्हता. वेळेवर पोहोचला असतास तर वाचला असतास का? डॉक्टर सांगू शकले नाहीत. मीही सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंनी पुरावा नाही, आणि तो कधीच मिळणार नाही.

पण डोळे पुसून प्रवीणने विचारले, "आत्याबाई, पयले तं असं होत नव्हतं. मंग कवापासून?" विद्यार्थ्यांना मी हाच प्रश्न आधी विचारायला शिकवत असे. मी चहा मागितला.

मूळ झाकण तू पंपावर टपावर ठेवून विसरलास, ते वाटेत कुठेतरी पडले. मग कित्येक दिवस तोंडाला फडक्याचा बोळा. गाडी तेव्हा उत्तम चालत होती! मला मात्र तो बोळा सहन होईना. वाशीमच्या दुकानदाराने दोन झाकणे पुढे ठेवली. एकाला आत बारीक छिद्र होते. ते सदोष म्हणून मी परत केले आणि कुलपाचे, घट्ट बसणारे घेतले. भाऊबीजेला ओवाळून तुझ्या हातात दिले. तू म्हणालास, "ओवायनी भावानं द्याची असते, ताई!"

आज कुसुमकडून कळले, मिस्त्री या झाकणाची चावी अडकते म्हणून दुसरे लावत होता. तू लावू दिले नाहीस. "माह्या बहिनीनं देलं हाय." का रे? एवढे एक माझे का ऐकलेस? बाकी कधी ऐकले होतेस?

उद्या तुझा पाट रिकामा असेल. त्यापुढे दिवा लावण्याआधी मी प्रवीण आणि कुसुमला समोर बसवून हे सांगेन, हे तुला वचन. तो रागावला तर रागावू दे. तो राग त्याने स्वतःवर काढण्यापेक्षा माझ्यावर काढलेला बरा. मग छिद्राचे झाकण आणायला त्यालाच गाडी घेऊन पाठवेन.

निष्कर्षाखाली सही करते. झाकण मी निवडले होते. ज्यातून टाकी श्वास घेणार होती, त्या छिद्राला मी दोष समजले. ही चूक माझी.

तुझी ताई,
विमल