डावीकडे वळताना

६ जानेवारी १९७४, रविवार
गाडी आणली. जालन्याच्या एका डॉक्टरांची, अठरा वर्षं वापरलेली. परतूरच्या शिक्षकांत कार असलेला मी पहिला. डावीकडे वळताना स्टिअरिंग कुंई असा आवाज करतं. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मी सायन्स शिकवतो. सवय हा उपाय नव्हे. पुढच्या रविवारपर्यंत दोष शोधून दूर करायचा. स्वतः.

८ जानेवारी, मंगळवार
निरीक्षण: सरळ जाताना आवाज नाही. उजवीकडे नाही. उभी असताना तर अजिबात नाही. म्हणजे गाडी मुळात चांगली आहे.
शेजारचे भुजंग तलाठी म्हणाले, "सर, हॉर्न कशाला ठेवला? तुम्ही वळले की गावाला बराबर कळून राह्यलं." मत्सर.

१० जानेवारी, गुरुवार
फक्त उजवीकडे वळत शाळेत गेलो. चालत पाच मिनिटं लागतात, आज पंचवीस लागली. आवाज एकदाही नाही. प्रगती.

१२ जानेवारी, शनिवार
स्टेशन रोडच्या कडूबा मिस्त्रीला गाडी दाखवली. फक्त मत घ्यायला. बिडी ओढत बसला होता, उठलाही नाही. म्हणाला, "किंगपिन कोरडी पडली, सर. चाक ज्या खुंटीवर वळतं ना, ती. दहा मिनिटं बसा, गिरीस मारतो." गाडीला हात न लावता निदान. त्यात शिक्षण चौथी. त्याचा चहा घेऊन परत आलो.

१५ जानेवारी, मंगळवार
पुष्पाला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. शिक्षिकेची जागा. औरंगाबादला, २९ तारखेला, सकाळी अकरा. ट्रेनिंग होऊन सहा वर्षं ती घरात आहे. फेब्रुवारीत वयाची मर्यादा संपते, म्हणजे ही शेवटची संधी. म्हणाली, "आदल्या दिवशी रेल्वेनं जाते. धर्मराजकडं राहते." धर्मराज तिचा भाऊ. मी म्हणालो, दारात कार असताना माझी बायको रेल्वेनं जाणार नाही. तिनं पत्राची घडी घातली. पटलं असणार.

१७ जानेवारी, गुरुवार
खुंटीपर्यंत मीही पोचलो, पण स्वतंत्र विचारानं. आतलं काळं, जुनं ग्रीस रॉकेलनं धुऊन टाकलं. मग करडीचं तेल कढईत घट्ट होईपर्यंत आटवलं आणि पिचकारीनं आत भरलं. शुद्ध, घरचं, ताजं. पुष्पा म्हणाली, "अहो, ते कढईला लागलं तर मला विळ्यानं खरवडावं लागतं." स्वयंपाकाचे नियम यंत्राला लावू नयेत, हे शांतपणे समजावलं.
सायंकाळी डावीकडे वळलो. आवाज नाही. मारुतीच्या देवळाला तीनदा डावी प्रदक्षिणा घातली. नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार
नववी 'अ'ला घर्षण शिकवलं. धडा प्रकाशाचा होता.

२२ जानेवारी, मंगळवार
स्टिअरिंग किंचित जड. थंडी आहे. आवाज नाही, हे महत्त्वाचं.

२३ जानेवारी, बुधवार
दोष दंडांत आहे. रोज सकाळी वीस जोर.

२४ जानेवारी, गुरुवार
दहा जोर.

२६ जानेवारी, शनिवार
झेंडावंदनाच्या पाहुण्यांना घरून आणण्याचं काम मागून घेतलं. शाळेच्या फाटकात गाडी वळायला हवी होती. वळली, पण उशिरा. मुलींची रांगोळी गेली. हेडमास्तर म्हणाले, "जाताना पाहुणे पायी जातील. त्यांना आवडतं."

२७ जानेवारी, रविवार
पुष्पानं भुजंग तलाठ्यांना रेल्वेच्या वेळा विचारल्या. माझ्यासमोर. मी म्हणालो, गाडीवर भरवसा ठेव. म्हणाली, "गाडीवर हाय."
उद्या शाळेनंतर एकदा ट्रायल घ्यायची.

२८ जानेवारी, सोमवार
ट्रायल घेतली नाही. उद्यासाठी गाडी ताजी राहावी.

२९ जानेवारी, मंगळवार. सकाळी साडेसात, वाटूर फाटा
सहाला निघालो. रस्ता सरळ, गाडी उत्तम. औरंगाबादला जालन्यावरून जायचं, त्यासाठी फाट्यावर डावीकडे वळायचं असतं. दोन्ही हातांनी ओढलं, पाय डॅशबोर्डला लावून ओढलं. सरळ हरभऱ्यात गेलो. कुणाला लागलं नाही.
पुष्पा उतरली. सर्टिफिकेटांची पिशवी घेतली, नऊवारीचा काठ झटकला, रस्त्यावर जाऊन उभी राहिली. जालन्याची एस.टी. दिसली तसा मी निघालो बरोबर. म्हणाली, "तुम्ही कशाला? गाडी कोण पाहील?" बरोबर आहे. जबाबदार माणूस जागेवर हवाच.
शेतमालक आला. गाडी पाहिली, मला पाहिलं. म्हणाला, "बसा मंग."

३१ जानेवारी, गुरुवार
दोन बैलांनी गाडी परतूरला आली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं. गरज नव्हती.
कडूबानं खुंटी हातोडीनं काढली. वास घेतला. म्हणाला, "हे तर रोगण झालं, सर. आमचा आजा मोटेच्या चामड्याला लावायचा. पाणी गळायचं बिलकुल बंद." म्हणजे पदार्थ चांगलाच होता, जागा चुकली. त्यानं खरवडलं, ग्रीस भरलं, दहा मिनिटांत वळवून दाखवलं. मोजली. नऊ.
पुष्पा कालच आली. साडेदहाला पोचली होती म्हणे. पुढं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑर्डर आली. निवड झाली. केदारखेडा, पंधरा तारखेला हजर व्हायचं. तिथंच खोली घेणार. एवढ्या लांबची जागा मिळेल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, मिळाली नाही, मागितली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
गाडी धुतली. डावीकडे वळते, उजवीकडे वळते, आवाज शून्य. पुष्पाला म्हणालो, उद्या केदारखेड्याला मी सोडतो.
म्हणाली, "स्टँडवर या. चालत."

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
सोडून आलो. ट्रंक बरीच जड होती.