अक्काला मोठ्या डब्यात घातलं, त्याची हकिकत

आष्टा,
मंगळवार, दुपार

ति. दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सन्मतीचा, वाकून जयजिनेंद्र. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणत होता, तो अजून वाजतो की थांबला? (आवाजाविषयी हल्ली मी फार बारकाईनं विचारतो, त्याचं कारण पुढे येईलच.) कराडात ऊन वाढलंय असं पेपरात वाचलं. जपून असा. स्वतःच्या हातचं जेवताय, तेव्हा मीठ शेवटी घाला, म्हणजे विसरलं तरी वरून घेता येतं.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर तुमचा आणि अक्काचा दोघांत मिळून असलेला एकुलता एक फोन अक्काच्या पिशवीत आहे, आणि अक्का गेले सोळा दिवस माझ्या खुर्चीमागे बसून आहे. आता ती शेजारी पापड वाळत घालायला गेली आहे, तेवढ्यात हे उरकतो. बायको परत का येत नाही, हे नवऱ्याला कळायला हवं, आणि ते तिच्याआधी माझ्याकडून कळलं तर माझं काहीतरी शिल्लक राहील.

आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत. त्या दिवशी मी सगळ्यांचं बोलणं कॅमेऱ्यात टिपून घेतलं होतं. प्रत्येकानं आईची एक आठवण सांगायची. धनपालदादानं सांगितली, वहिनींनी सांगितली, आमच्या सौ. स्वप्नालीनं सांगितली, मी सांगितली, आणि अक्कानं अकरा मिनिटं सांगितली. अंगणात ढोलवाल्या बिरदेवचा ढोल झाला, तोही टिपला. हे सगळं मोबाइलवर पाठवून मोकळं व्हायचं, तर आईचा मोबाइलवर विश्वास नाही. तिच्या मते त्यात गेलेला फोटो वर जातो आणि परत येत नाही. तिला हातात धरता येईल, डब्यात ठेवता येईल अशी वस्तू लागते. म्हणून डिस्क करायचं ठरलं. दादानं सांगलीच्या नव्या फ्लॅटमध्ये जाताना जुनं होम थिएटर आईला देऊन टाकलं होतं, तेही कामाला येणार होतं. पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा, असे सहा डबे. आता तुम्हाला ठाऊक आहे, आईला जवळजवळ ऐकूच येत नाही. माझा हिशेब असा, की आवाज सहा बाजूंनी सोडला तर एखाद्या बाजूनं आत शिरेलच. (मळ्यात डुक्कर असंच शिरतं.)

या कामात माझे गुरू माधवनगरचे सिकंदरभाई. लग्नाकार्याला कर्णे लावण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी मला कॉम्प्युटरवरचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, शिकवला. सहा वेगळे आवाज घ्यायचे, समोर सहा रकाने असतात, ज्याचा आवाज ज्या डब्यातून यायला हवा त्या रकान्यात तो सोडायचा आणि बटण दाबायचं. मग तो सगळे आवाज घट्ट दाबून एकात एक बसवतो. आपण गाठोडं बांधतो तसं. डिस्क लावली की गाठोडं सुटतं आणि जो तो आपापल्या डब्यात जाऊन बोलू लागतो. इतकं सोपं. एवढं सांगून सिकंदरभाई एका लग्नाला निघून गेले, आणि मी शहाणा झालो.

दादाला पुढच्या डाव्या डब्यात घातलं, मी उजव्यात गेलो. वहिनी आणि स्वप्नाली मागच्या दोन डब्यांत. (त्या दोघींनी ‘आम्ही मागंच का?’ असं विचारलं, तो विषय वेगळा आहे आणि अजून मिटलेला नाही.) राहिले दोन डबे, टीव्हीखालचा मधला छोटा आणि कोपऱ्यातला मोठा. राहिले दोन आवाज, अक्का आणि ढोल. दाजी, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आई शेतात राबायची तेव्हा अक्कानं आम्हाला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं, माझे पाढे घेतले. तिला टीचभर डब्यात घालू? मी मोठ्या मनानं अक्काला सगळ्यात मोठ्या डब्यात घातलं आणि ढोल मधल्यात. शिवाय तिच्या बोलण्याला शोभा यावी म्हणून ढोल बरोबर तिच्या अकरा मिनिटांखाली ठेवला. डिस्क तयार झाल्यावर तपासलीसुद्धा. पहिली पाच मिनिटं. त्यात दादा बोलतो. दादा खणखणीत आला, म्हणून बाकीचे आले असं मी धरून चाललो आणि उत्साहाच्या भरात एकवीस प्रती काढून भावकीत वाटल्या. एक तुम्हालाही पाठवली.

सोळा दिवसांपूर्वीच्या रविवारी तीन वाजता घराच्या पुढच्या सोप्यात सगळी भावकी जमली. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून वेळेवर सुरू केलं. दादा डावीकडून बोलला, लोक डावीकडे बघू लागले. मी उजवीकडून बोललो, लोक उजवीकडे. वहिनी मागून बोलल्यावर साळूबाई आत्या दचकून मागे वळली आणि ‘आले हं’ म्हणाली. सगळे खूश. मी तर तरंगत होतो. मग पडद्यावर अक्का आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. तिनं तोंड उघडलं.

आणि मधल्या डब्यातून ढोल सुरू झाला.

अक्काचे ओठ हलतायत, हात वर जातोय, बोट आईकडे दाखवतंय, आणि आवाज धाडधाड धाडधाड. कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यातून तेवढं अधूनमधून ‘घुम... घुर्र... घुम’ असं काहीतरी यायचं आणि फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांवर आपटायचे. लोकांनी आधी शिस्तीत ऐकलं. वाटलं, थोड्या वेळानं बोलेल. मग मागून कुणीतरी (मी नाव सांगणार नाही, पण दादानंच) म्हणालं, ‘अक्का अगदी हुबेहूब आलीया बघा.’ झालं! सगळा सोपा हसून फुटला. साळूबाई आत्या हसता हसता पाटावरून घसरली. मी बंद करायला धावलो, तर रिमोटचं आवाज वाढवायचं बटण दाबलं गेलं आणि एक पेला खाली पडला.

अक्का उठली.

‘मी या घरात तोंड उघाडलं की भांडी वाजत्यात, असं म्हणायचंय व्हय रं तुला?’

मी म्हणालो, ‘अक्का, तुला सगळ्यात मोठा डबा दिला गं.’

‘डबा दिलास, आन् बोलणं काढून घेतलंस. माझा आवाज सापडल्याबिगार मी कराडला जात न्हाई.’

दाजी, तेव्हापासून ती इथं आहे.

दुसऱ्या दिवशी सिकंदरभाईंना बोलावलं. ते मोटरसायकलवरून आले. दारातच विचारलं, ‘अक्कांना कुठं घातलं?’ मी म्हणालो, सगळ्यात मोठ्यात. सिकंदरभाई उंबऱ्यावर बसले आणि डोळे पुसत राहिले, हसून. मग समजावलं. म्हणे, तो मोठा डबा माणसांसाठी नाहीच. ढगांचा गडगडाट, ढोल, स्फोट असला अगदी खालचा घुमणारा आवाज तेवढा त्यात जातो, बाकीचं बोलणं गाळून टाकतात. माणसानं बोलायचं ते मधल्या डब्यातून. अक्का ऐकत होती. तिनं विचारलं, ‘गाळलं म्हंजे चाळणीत ऱ्हायलं असंल की. ते काढ आन् दे.’ सिकंदरभाईंनी पन्नास वर्षं कर्णे लावलेत. ते म्हणाले, ‘अक्का, पानी मिळेल का?’

मग आमचं कामकाज सुरू झालं. दुसऱ्या डिस्कमध्ये अक्का मधल्या डब्यातून आली, पण तिला ती ‘लांबून’ वाटली. तो कार्यक्रम स्वतःच्या अकलेनं बोलण्याचा आवाज एका पातळीला आणून ठेवतो. अक्काचा आवाज एका पातळीला! मी ते बंद केलं. तिसऱ्या डिस्कमध्ये आवाज आला, पण ओठ पुढे आणि शब्द मागे. अक्का म्हणाली, ‘मी कवाच असं थांबून बोललेलं न्हाई,’ आणि ते खरंच आहे. चौथ्या वेळी तिनं जाहीर केलं, की आधीचं बोलणं गोडगोड होतं, आता खरं काय ते सांगतो. ते एकतीस मिनिटं झालं. त्यात मी चौथीत असताना पाटीवर काय लिहिलं होतं इथपासून दादाच्या लग्नात श्रीखंड कमी का पडलं इथपर्यंत सगळं आहे. कॉम्प्युटर ते सगळं दाबून बसवताना तासभर पट्टी दाखवतो, आणि ती पट्टी सरकेपर्यंत अक्का माझ्यामागे बसून शेंगा फोडते. टरफलं माझ्या मानेवर.

परवा पाचवी डिस्क झाली. निर्दोष. शब्द न् शब्द मधल्या डब्यातून. अक्काचा चेहरा उजळला. आम्ही आईला आणून समोर बसवलं आणि लावली. आई पाच मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, ‘ही न्हवं. आदीची लाव.’

आम्हाला कळेना. आदीची कुठली? तर ती पहिली, ढोलवाली. अक्काच्या डोळ्यांत परत आग. मी भीत भीत लावली. अक्का पडद्यावर आली तशी आई उठली, काठी टेकत कोपऱ्यात गेली, मोठ्या डब्याशेजारी खाली बसली आणि त्याच्यावर तळहात ठेवला. घुम, घुर्र, घुम.

‘दादाचं ऐकू यीना, सुनांचं यीना, ह्येचं यीना,’ आई म्हणाली, ‘हिचं मातर हाताला लागतंय. बघ गं, तूबी हात लाव.’

आणि मग कळलं, की इतके दिवस आम्ही घरात नसताना आई स्वप्नालीकडून तीच डिस्क लावून घेत होती आणि तशीच हात ठेवून बसत होती. अक्का तिच्याशेजारी बसली. तिनंही हात ठेवला. अकरा मिनिटं संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दाजी, मी घड्याळ लावून सांगतो, अकरा मिनिटं. तुमच्या संसारात हे झालं असल्यास कळवावं. शेवटी पदरानं नाक पुसून तिनं मला एवढंच विचारलं, ‘त्या डब्यात अजून जागा हाय का रं?’ आता ती एकतीस मिनिटंही मोठ्या डब्यात घालून हवी आहेत. ती करून दिली की ती कराडला येईल. राग पूर्ण गेलेला आहे. आनंदी आनंद आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचाच,
सन्मती

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. सिकंदरभाई म्हणतात, ज्या घरी टीव्हीचे नुसते दोनच स्पीकर असतात तिथं मोठ्या डब्यातला आवाज मुळीच येत नाही. म्हणजे तुमच्या घरी त्या डिस्कमध्ये अक्काचा आवाज अजिबात नाही. नुसता ढोल. तुम्ही गेल्या आठवड्यात शेजारच्या तारिकच्या फोनवरून मला कळवलंत, की ‘डिस्क फार सुंदर झालीय, मनाला शांत वाटतं, तीनदा बघितली,’ ते मी अक्काला सांगितलेलं नाही. कृपा करून ती येण्याआधी डिस्क फोडा, पुरा किंवा कृष्णेत सोडा.

ता. ता. क. डिस्क कुणालाही देऊ नका. वर लिहिलेलं कुणाला दाखवू नका. हे पत्रही जाळा.

सन्मतीनं ह्ये पत्र टपालात टाकाय माझ्याकडं दिलं. पाकिटाला डिंक नीट लावला न्हवता. मी वाचलं. अवं, तीनदा बघितली? मनाला शांत वाटलं? शनवारी सकाळच्या एस्टीनं मी येतोय. डिस्क फोडू नका, मला बघायची हाय. टीव्हीम्होरं दोन पाट मांडून ठेवा. सोळा दिसाचं बोलायचं ऱ्हायलंय.