पन्नास दिवसांनंतर

चितेगाव, ता. पैठण
५ सप्टेंबर २०२३

प्रिय मृण्मयी,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटून नाव शोधशील. तुझा जुना नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र औरंगपुऱ्यात तुझ्या मीनाक्षीकाकूंच्या हातात नेऊन देणार आहे. पुण्याचा तुझा पत्ता त्यांच्याकडं असेलच. टाइप करून पाठवता आलं असतं, पण कुठं पाठवायचं तेच कळेना. आणि खरं सांगू, हे हातानं लिहावंसं वाटलं.

मी अजून त्याच कंपनीत आहे, क्वालिटीत. एखाद्या बाटलीत काही कमीजास्त निघालं की ती कुठल्या पिंपातून भरली, त्या पिंपातला माल कुठून आला, असं मागं मागं जात शोधायचं, हे माझं काम. लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं. शहर मात्र आता पैठण रोडनं चालत आमच्या दारात आलंय. आपण स्कुटीवरून यायचो तेव्हा जिथं नुसती रानं होती, तिथं प्लॉटच्या पाट्या आणि चुन्याच्या रेघा आहेत. पाऊस म्हणशील तर अख्खा ऑगस्ट कोरडा गेला. वर कन्नड तालुक्यात चरायला काही उरलं नाही म्हणून आप्पा आणि माय मेंढरं घेऊन खाली आले. भर श्रावणात आमचा मेंढरांचा वाडा कधी खाली उतरत नाही, यंदा उतरला. माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर त्यांनी पाल ठोकलं होतं. सेकंड इयरला तू माझ्याबरोबर आली होतीस, आठवतं? कोकरू मांडीवर घेऊन तू आप्पांना इतके प्रश्न विचारलेस की त्यांचा चहा गार झाला. अजून ते विचारतात, ती लई इचारणारी पोरगी कुठं असती आता म्हणून.

वाड्याला लागूनच सर्जेरावांचं रान होतं. त्यांनी ते प्लॉटिंगवाल्याला विकलेलं. त्यात चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी उभी होती, गुडघ्याएवढीच, पाण्यावाचून तिथंच थांबलेली. सोमवारी जेसीबी येणार होता. सर्जेराव स्वतः येऊन म्हणाले, मातीत जाण्यापेक्षा तुमच्या मेंढरांच्या पोटात जाऊ द्या. मनानं चांगला माणूस. मेंढरं चार दिवस उपाशीपोटी होती, आणि तरीही आप्पा बांधावर उभे राहून नुसते पानं चोळत होते. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला विषबाधा होते. आमच्यात त्याला किरळ लागणं म्हणतात. आप्पांचं म्हणणं, हिची वाढ कोवळ्यासारखीच आहे. सर्जेरावांचं म्हणणं, पेरून दोन महिने झाले, कोवळी कशी? रविवार होता, मी तिथंच होते. आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, “तू शिकलेली हायेस. मोबाइलात काय लिव्हलंय बघ.”

मी बघितलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं, पेरणीपासून पन्नास दिवसांनंतर ज्वारीचा धोका राहत नाही. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. तीन ठिकाणी एकच गोष्ट म्हणजे खरीच असणार, असं मला वाटलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी पुन्हा एकदा पान चोळलं, माझ्याकडं बघितलं आणि काठी बाजूला घेतली. मेंढरं ज्वारीत शिरली.

अर्धा तास पण गेला नाही. एक पाटी, म्हणजे तरणी मेंढी, अडखळली, तोंडाला फेस आला, पडली. मग दुसरी. माय ओरडत आडवी पळाली, आम्ही मेंढरं ढकलून ढकलून बाहेर काढली. सर्जेराव गाडीवर जाऊन गुरांच्या डॉक्टरांना मागं बसवून घेऊन आले. इंजेक्शनं दिली तेवढी वाचली. अकरा गेली. त्यातल्या चार गाभण होत्या. मृण्मयी, मी त्या बांधावर हातात मोबाइल धरून उभी होते आणि ते पान अजून उघडंच होतं.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. मी त्यांना ते पान दाखवलं. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, हे खोटं नाही, अर्धं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात त्यांनी मला एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली पुस्तिका दिली. तिच्यात ते वाक्य पूर्ण होतं. पन्नास दिवसांनंतर धोका कमी होतो, मात्र पाण्याअभावी वाढ खुंटलेल्या पिकात तो त्यानंतरही राहतो. आप्पा जे पान चोळून सांगत होते, ते त्या ‘मात्र’च्या पुढं छापलेलं होतं.

दोन दिवसांनी चुलीपाशी बसून आप्पांनी विचारलं, “ते लिव्हणारानं कधी मेंढरं राखली व्हती का?” रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी कोणी लिहिलंय हे बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून आठवडाभर, जेवणाच्या सुट्टीत आणि कामावरून आल्यावर, मी ते एक वाक्य शोधत होते. वाक्य जसंच्या तसं टाकलं तर सात ठिकाणी निघालं. एका पानावर ट्रॅक्टरचा फोटो, एकावर मेंढीच्या जागी शेळीचा. सातही पानांवर पन्नास हा शब्द ‘पन्नस’ असा चुकलेला. एक व्हिडिओ सापडला, त्यात मशीनच्या आवाजातली बाई खणखणीत ‘पन्नस’ म्हणते, त्यावर मला त्या सगळ्यात पण हसू आलं. म्हणजे सात माणसं सांगत नव्हती, एकच जण सांगत होतं आणि बाकीच्यांनी उचललं होतं. कंपनीत मी हेच तर करते. मग तारखा लावल्या. कुणी कुणाचं उचललं ते हळूहळू दिसायला लागलं, आणि शोधताना मी अकरा मेंढरं थोडा वेळ विसरायचे, हे पण कबूल करते. सगळ्यांत जुनं पान जून २०१९ चं निघालं. ते नीट वाचलं तर पुस्तिकेतलेच शब्द, त्याच क्रमानं. फक्त ‘कमी होतो’चं ‘राहत नाही’ झालेलं, आणि ‘मात्र’पासून पुढचं गळालेलं. म्हणजे लिहिणारानं मनानं काही रचलं नव्हतं. योग्य पुस्तक हातात घेतलं होतं, वाचलं होतं आणि एक वाक्य संपायच्या आधी सोडलं होतं.

त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तुझं नाव आहे, मृण्मयी. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. चार वर्षांनी तुझं नाव दिसलं. ते तिथं का आहे, हे मग लक्षात आलं. पुण्याला गेल्यावर तू फोनवर सांगायचीस, दिवसाला चार लेख द्यावे लागतात, सकाळी हळद, दुपारी मोटारसायकल. त्यातलाच हा एक असेल, तुला आठवणार पण नाही. तू घाईत लिहिलंस, मी घाईत वाचलं. तू शेवटपर्यंत गेली असतीस किंवा मी खालपर्यंत जाऊन कोणी लिहिलंय ते बघितलं असतं, तरी मेंढरं वाचली असती. म्हणून हा दोष मी तुझ्या एकटीवर टाकत नाही. त्या साइटला मी तीन मेल केले, उत्तर नाही. काल आप्पांना तुझं नाव सांगितलं. ते उठून उरलेल्या मेंढरांना पाणी दाखवून आले. मग म्हणाले, “तिला कळीव. तिला ठाव नसंल.” मी त्या पुस्तिकेच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. तुला आत जाऊन दुरुस्त करता येत असेल तर ते अर्धं वाक्य आजच जोड, नसेल तर तिथं कुणाला सांगायचं ते मला कळव. पाऊस अजून नाही. आजूबाजूच्या सगळ्या रानांत ज्वारी गुडघ्याएवढीच उभी आहे, आणि आज सकाळी बघितलं तेव्हा ते पान कालपासून आणखी दोनशे जणांनी वाचलेलं होतं.

तुझीच,
दिपाली