मालकीण गेली इराणला

लालाजान,

तू हॅम्बुर्गहून विचारलंस, कंपनी कशी चाललीय? मी म्हटलं, बरी.

मागच्या मंगळवारी इथं हेरातच्या ऑफिसात, बायका कामाला आहेत का ते तपासायला चौघे सरकारी माणसं आले. कामावरच्या मुलींना मी आदल्याच दिवशी घरी पाठवलं होतं. त्यांची नावं, फोटो कॉम्प्युटरमधून पुसले होते. उरलो होतो मी आणि म्हातारे चौकीदार गौसुद्दीनकाका.

"मालकीण कुठंय?" एकानं विचारलं.

"ती गेली इराणला," काका म्हणाले. "ही झाडूवाली." मग माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? झाड की!"

मी झाडलं. नऊ वर्षांत उभं केलेलं माझं ऑफिस कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडलं. त्यांनी कॉम्प्युटर नेले, दाराला सील ठोकलं. ते गेल्यावर काका रडले, "माफ कर, पोरी." मला रडू आलं नाही. रागही आला नाही. कंबर तेवढी दुखत होती.

आज त्या मुलींपैकी शकूफानं दवाखान्याच्या ॲपचं काम घरून पाठवलं. त्यात तीन चुका होत्या. मी लिहिलं, "पुन्हा कर."

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर तू मला न्यायला येशील, आणि शकूफा अजून चुकतेय.

तुझी धाकटी बहीण,
सीमीन