दाराशेजारची खुर्ची

मंगळवार, ४ मार्च. सकाळी साडेसात.
शेवटच्या रांगेत खुर्च्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय. सभागृह नवंकोरं. रविवारी पहिली मैफल — तीही माईकशिवाय! भिंती, छत, सगळं लाकूड त्यासाठीच बसवलंय. आणि खुर्च्या कुरकुरतात! मॅनेजर मंचावर टाचणी टाकतात, मी मागून ओरडायचं, "आली ऐकू!" आम्ही त्यांना टाचणीसाहेबच म्हणतो. "रविवारी मागून जरा आवाज आला तर नोकरीत कायम व्हायचं विसर," म्हणाले. जणू मीच कुरकुरतो!

बुधवार, ५ मार्च.
घरच्यांसाठी एक पास मिळाला. आई हरखली. "जन्मभर शेजारच्या रेडिओवर ऐकलं. आता समोर बसून ऐकते!" आणि लगेच खोकली. वीस वर्षं गिरणीत काढली, तिथला कापूस छातीतच बसलाय. डोक्याला हात लावला मी.

शुक्रवार, ७ मार्च.
आईला तालमीला नेलं. शेवटच्या रांगेत, दाराशेजारी बसवलं — खोकला आलाच तर पटकन बाहेर. तिची खुर्ची तीनदा तपासली. गप्प. आई कुठली गप्प! गायिकाबाई मंचावर डोळे मिटून बसलेल्या आणि हिचं सुरू.
"आई, दाब ना जरा!" मी कुजबुजलो.
"दाबून थांबतो होय रे तो?"
"मग येऊच नकोस रविवारी. तुझ्या खोकल्यापायी माझी नोकरी जाईल!"
बाईंनी डोळे उघडले. आई म्हणाली, "त्यांनी ऐकलं बघ."
"एवढ्या लांबून? काहीतरीच तुझं!"
घरी येईपर्यंत तिने पदर तोंडावर दाबून धरला. बरंच झालं, म्हटलं.

शनिवार, ८ मार्च.
एकोणीस नंबर पुन्हा कुरकुरली. वैताग!

रविवार, ९ मार्च.
निघताना आई म्हणाली, "पाय दुखतायत. तू जा." मी आग्रह केला नाही.
गायिकाबाई गाण्याआधी म्हणाल्या, "परवा मागे एक मुलगा आईला रागावत होता. इथे शब्दन्‌शब्द ऐकू आला." लोक हसले. "त्या आईंना सांगते — खोकला आला तर खुशाल खोका. मी थांबेन."
टाचणी आम्ही कायम मंचावरच टाकली. मागचं पुढे किती जातं, कधी तपासलंच नाही!
सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराशेजारची खुर्ची रिकामी.

सोमवार, १० मार्च.
कायम झालो. टाचणीसाहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास! काल मागून कसलाही आवाज आला नाही."
घरी अजून सांगितलेलं नाही.