बँकॉक फक्त साडेचार तासांवर

३ फेब्रुवारी
मनालीचा बँकॉकहून फोन. सिझेरियन सोमवारी, सोळाला. दोघंही या म्हणाली. वर म्हणे, बाबा, माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही स्टेजवर होतात, पण माइकपाशी. या वेळी माझ्यापाशी या. शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.
अभ्यास केला. मुंबई-बँकॉक सुमारे तीन हजार किलोमीटर, विमानानं साडेचार तास. सोलापूर-मुंबई रेल्वेनं आठ! म्हणजे आमच्या जुळे सोलापूरला मुंबईपेक्षा बँकॉक जवळ. चंद्रिकाला सांगितलं. ती म्हणाली, पण तिकडं जायाला आदी मुंबईलाच जावं लागतंय की ओ. बायकोला व्यापक दृष्टी नाही.

६ फेब्रुवारी
तिकिटं झाली. शनिवारी, चौदाला रात्रीची गाडी, रविवारी विमान. संध्याकाळी वाचनालयात गर्जलो: अंतर किलोमीटरमध्ये नसतं, न्यूनगंडात असतं! टाळ्या. व्याख्यानमालेच्या सिद्धलिंगप्पानं तिथंच माझा निरोपाचा सत्कार जाहीर केला, शनिवारी. मी नको म्हणालो. दोनदा. मग फ्लेक्ससाठी फोटो दिला.
संकल्प: आता भाषण नाही. फक्त पॅकिंग.

१० फेब्रुवारी
चौकात फ्लेक्स लागला. ‘प्रखर वक्ते नागनाथ सर यांना विदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ चंद्रिका म्हणाली, दौरा कसला? पोरीचं बाळंतपण हाय.
तिचे डिंकाचे लाडू बांधून तयार. माझी बॅग उद्या. बिचारी विमानात घाबरेल. हात धरावा लागेल.

१४ फेब्रुवारी, दुपारी
भाषण दहा मिनिटं. जास्त नाही. चंद्रिका सामान घेऊन परस्पर स्टेशनवर जाणार. माझं तिकीट, पासपोर्ट तिनं माझ्या खिशात घातले. म्हणाली, तुमचं तुमच्याजवळच असू द्या.

१५ फेब्रुवारी
दोष प्रमुख पाहुण्यांचा. दीड तास उशिरा आले. त्यांच्यानंतर मी दहा मिनिटांत आटपणं म्हणजे श्रोत्यांचा अपमान. ‘शेवटचा मुद्दा’ म्हणालो आणि नेमका तिथंच रंगलो. सिद्धलिंगप्पानं मागून शर्ट ओढला. मी कडाडलो: विचारांना मागं ओढणारे हात आजही आहेत! सभागृह उठून उभं राहिलं.
गाडी गेली. चंद्रिकाही गेली. रात्रीच मोटार करून मुंबई गाठता आली असती, सिद्धलिंगप्पाला तसंच सांगितलं, पण घसा पार बसला होता.

१६ फेब्रुवारी
नात झाली. चंद्रिकाचा फोन: लई सोपं हाय ओ, जरा डोळा लागला तवर आलंच की बँकॉक. मनालीला दे म्हणालो. झोपलीय म्हणाली. मागं मनालीचा आवाज येत होता.
शुक्रवारी नक्की निघणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
गेलो नाही. वर्तमानपत्रात विमानाच्या अपघाताबद्दल काही नव्हतं, तरी मन तयार होईना.
फ्लेक्स अजून आहे. म्हणून बाहेर पडता येत नाही. दूध बंद केलंय.
मनाली फोनवर बोलली. शांत होती. म्हणाली, बाबा, आता येऊ नका. आई आहे. मी फोन ठेवला.
लगेच सिद्धलिंगप्पाचा फोन. सर, तिकडं किती वाजले? दीड तास मिळवून सांगितलं. खूश झाला. म्हणाला, सर, नातीला बघून कधी येताय? परतल्याचा जंगी सत्कार ठेवतो, विषय तेवढा सांगा.
विषय सांगितला: बँकॉक फक्त साडेचार तासांवर.
अंधारून आलंय. दिवा लावला नाही. चौकातून आमची खिडकी दिसते.